सूपभर कोंड्याचं लेकरू

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सरकारी कागद म्हटला की माणसं बिचकायची. आदल्या उन्हाळ्यातला लष्करी कायदा कुणी विसरलं नव्हतं. म्हणून १९३१च्या जानेवारीत शाळेतले महिपती मास्तर शिरगणतीची वही घेऊन बोळात शिरले, तेव्हा निम्मी दारं धाडधाड लागली. सोजरबाईचं उघडं राहिलं, कारण तिचा अकरा महिन्यांचा कोंडीबा उंबऱ्यातच बसला होता.

तिला धास्ती सरकारची नव्हती. याच्याआधी तिला चार लेकरं झाली आणि एकानंही वर्ष पुरं केलं नाही. पाचव्याच्या वेळी सुईणीनं बजावलं, तुझं लेकरू तुला लाभत नाही, देऊन टाक. मग शेजारच्या मदिनाबीनं सूपभर कोंडा दिला आणि लेकरू विकत घेतलं. म्हणून नाव कोंडीबा. दूध सोजरबाईनं पाजायचं, पण पोर कुणाचं विचारलं तर मदिनाबीचं म्हणायचं. वर्ष भरायला महिना उरला होता, आणि ती एकेक दिवस मोजत होती.

"घरात माणसं किती?" मास्तरांनी विचारलं.

"दोन. मी आन् मालक."

"आणि हा?"

"त्यो मदिनाबीचा."

मास्तर वैतागले. ते मदिनाबीकडूनच आले होते, आणि सरकारी वहीत खोटं नको म्हणून तिनं पोर सोजरबाईचं सांगितलं होतं. "दोघी मिळून माझी नोकरी घालवता की काय? हा काय आभाळातून पडला?"

मदिनाबी बाहेर आली. "सोजर, तू म्हनशील तसं. तुझा जीव घाबरत असंल तर माझ्या घरात लिवू दे."

मास्तर जरा नरमले. "बाई, कुणीच सांगितला नाही तर हा सोलापुरात नाहीच, असं होईल. देवीची लस किती पोरांना लागेल, शाळा किती काढायच्या, हे सरकार या आकड्यांवरच ठरवतं."

"लिवलं आन् मागनं काय झालं तर?"

मास्तरांना खोटं बोलता येईना. "सव्वीस फेब्रुवारीला मी परत येणार. मधे कुणी गेलं असेल तर त्याच्या नावावर रेघ मारायची."

सोजरबाईनं कोंडीबाला उंबऱ्यातून आत ओढलं. मग तिनं विचारलं, "याच्या आदी शिरगणती कदी झालती?"

"दहा वर्षांपूर्वी."

तिची चौघं त्या दहा वर्षांत आली आणि गेली. रेघ मारायला तरी आधी नाव लागतं. त्यांना तेवढंही मिळालं नव्हतं. आपण चार लेकरं पोटात वाढवली, हे शिरगणतीच्या कुठल्याच वहीत नाही, हे त्या घडीला तिला कळलं.

तिनं पोराला उचलून छातीशी धरलं.

"लिवा. कोंडीबा. माझा ल्योक हाय."

शब्द तोंडातून गेला तशी तिनं पोराला आणखी घट्ट धरलं. मदिनाबी दारात उभ्या उभ्या ओठांतल्या ओठांत दुवा मागत होती. मास्तरांनी नाव लिहिलं, वही मिटली.

"सव्वीस तारखेला या मास्तर," सोजरबाई म्हणाली. "मी ह्याला घिऊन दारात हुबी ऱ्हाते."