भोक बुजवलेली कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी कुंडी आहे. निळी, चकचकीत, पोटाने चांगली गरगरीत. घरी येणारं कुणीही माझ्या काठावरून हात फिरवतं आणि म्हणतं, "काय सुरेख कुंडी आहे हो!" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगताना जीभ अडखळते, पण आज सांगूनच टाकते.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. त्याने मला आकार दिला, सावलीत वाळवलं, निळ्या रंगात बुडवलं आणि भट्टीत घातलं. पण त्याआधी त्याने माझ्या तळाला अंगठ्याएवढं भोक पाडलं. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! एवढी नटवायची, सजवायची आणि बुडाला भोक? जास्तीचं पाणी तिथूनच वाट काढतं, ते भोक नसेल तर कुंडी म्हणजे नुसती बादली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बाजारातून मला एका बाईंनी आणलं. बाई घरी कपडे शिवायच्या. त्यांचे यजमान फरश्या बसवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, आणि पुढे चिंचोळी गॅलरी. तिथे माझ्याखेरीज दुसरी कुंडी मावणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बाईंची सगळी बाग म्हणजे मी एकटी.

पण काय बाग होती ती! थंडीत माझ्यात पिवळी शेवंती फुलली. ऊन तापलं तशी सदाफुली आली, आणि पावसात तेरडा असा माजला की गॅलरीत उभं राहायला जागा उरली नाही. बाई सकाळचा चहा माझ्याशेजारी बसून घ्यायच्या. शिलाई मशीनसुद्धा त्यांनी दाराजवळ ओढून घेतलं होतं, फुलं दिसावीत म्हणून. समोरच्या काकूंची गॅलरी तेलाच्या जुन्या डब्यांनी भरलेली असायची. त्या पलीकडून ओरडायच्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो!" बाई लाजायच्या. "कसला गुण घेऊन बसलात? सुया टोचून चाळण झालीय हाताची," म्हणायच्या, पण दिवसभर खुशीत असायच्या.

मग मिस्त्रींनी गॅलरीत नवीन फरशी बसवली. पांढरीशुभ्र. एका मोठ्या कामातून उरलेली ती फरशी त्यांनी रविवारी रविवारी बसून स्वतःच्या हाताने घातली. माणूस वाईट नव्हता, पण फरशीवर डाग दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. आणि माझ्या बुडातून तर रोज मातकट पाण्याचा ओघळ यायचा. मिस्त्री पुसून पुसून वैतागले.

त्याच सुमारास बाईंची आई अंथरुणाला खिळली आणि बाई माहेरी गेल्या. घरात मिस्त्री एकटेच. एका दुपारी त्यांनी माझ्यातली माती झाडासकट अलगद बाहेर काढली, मला पालथी घातली आणि पांढऱ्या सिमेंटने माझं भोक बुजवून टाकलं. कडा अंगठ्याने पुसून गुळगुळीत केल्या. काम इतकं सफाईदार की शोधूनही खोट सापडू नये! वाळल्यावर माती पुन्हा भरली, झाड होतं तसं बसवलं, हात धुतले. दिवसाला शंभर फटी बुजवणारा माणूस तो. ही एक त्यांच्या लक्षात कशाला राहील?

आई गेली. बाई परत आल्या त्या अर्ध्या होऊन. आल्या आल्या त्यांनी मला पाणी घातलं.

त्यानंतर माझ्यात काही धड जगलं नाही, मित्रांनो. उन्हाळ्यात पाणी उडून जायचं, तेव्हा झाड कसंबसं तग धरायचं आणि बाईंना आशा लागायची. पावसाळा आला की खेळ खलास. माझ्या पोटात डबकं साचायचं, मुळं कुजायची. तहानेने मरणारं झाड आणि बुडून मरणारं झाड, दोघांच्या माना सारख्याच पडतात. बाई ती पडलेली मान बघायच्या, कळवळायच्या आणि आणखी तांब्याभर पाणी ओतायच्या. मी आतल्या आत आकांत करायचे. पण कुंडीला कुठे तोंड असतं!

गुलछडी गेली, लिंबू गेलं. कोरफडसुद्धा गेली! मिस्त्रींना तर आयता विषयच मिळाला. पाहुणे आले की ते सांगायचे, "आमच्या हिला प्लास्टिकचं झाड आणून द्या. तेही सुकवून दाखवेल!" सगळे खो खो हसायचे. बाईही हसायच्या आणि चहाचं बघते म्हणून आत जायच्या. कुंडीचं मात्र तोंड भरून कौतुक व्हायचं. मारणारी मी, आणि नाव बाईंच्या हाताचं खराब. त्या वेळी वाटायचं, धरणी दुभंगावी आणि मी तिच्यात गडप व्हावं.

हळूहळू बाईच म्हणायला लागल्या, "माझा हातच वाईट." मशीन त्यांनी दारापासून हलवलं आणि भिंतीकडे तोंड करून शिवायला लागल्या.

एकदा त्यांची वहिनी आली. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गुलाबाचं रोप होतं. आईच्या अंगणातला पांढरा गुलाब. भिंत घालताना मूळ झाड तोडावं लागलं आणि लावलेल्या फांद्यांपैकी ही एवढी एकच जगली होती.

"मला नको देऊस गं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे नाही जगायचा तो."

"आईंचा आहे. तुमच्याकडे नको तर कुणाकडे?" वहिनी म्हणाली.

बाईंनी माझी माती बदलली. वरवरची, हाताला येईल तेवढीच. इतक्या मायेने तो गुलाब लावला की माझं काळीज गोठलं. सगळ्यात देखण्या कुंडीत आईचा गुलाब! त्याला पालवी फुटली, एक कळीही आली. बाई तिच्याजवळ जायच्या आणि हात मागे घ्यायच्या.

मग पाऊस लागला. पानं पिवळी पडली, कळी काळवंडून गळाली. बाई तडक काकूंकडे गेल्या. "तुम्ही घेऊन जा हो हा. माझ्या हातात आईची आठवण तरी मरायला नको."

दोघी मला उचलायला आल्या. मी हलेना. शेवटी जोर लावून कलंडवलं, आणि माझ्या पोटातलं काळं, घाण वासाचं पाणी भसकन पांढऱ्या फरशीवर सांडलं. चार लोकांत लुगडं सुटावं तशी मी उघडी पडले.

काकूंनी पदर नाकाला लावला, वाकून तळ बघितला. "अगं बाई! हिला भोकच नाही!"

"होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी तळावरून बोट फिरवलं. मध्ये पांढरा गोल, आणि त्याच्या कडेने अंगठ्याने पुसल्याची खूण. त्या एकदम खाली बसल्या. नवऱ्याच्या हातचं काम त्यांना कुणी ओळखून द्यायला नको होतं.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले. मी तशीच आडवी, गुलाब ओल्या फडक्यात. बाईंनी नुसतं माझ्या बुडाकडे बोट दाखवलं. मिस्त्री बघत राहिले. मग त्यांना आठवलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच कीव आली.

"फरशी खराब होत होती गं..." एवढंच म्हणाले.

बाईंनी भांडण केलं नाही. त्या म्हणाल्या, "कोरफड गेली तेव्हा मी रात्रभर रडले होते हो."

मिस्त्रींनी छिन्नी आणली आणि भोक मोकळं केलं. घाईत घाव जोरात बसला, त्यामुळे मला एक तडा गेला. बरंच झालं. काकूंनी सगळे उपाय केले, पण गुलाब काही वाचला नाही. मुळं पार कुजली होती.

काही दिवसांनी मिस्त्री शेवंतीचं एक रोप घेऊन आले. बाईंनी ते हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच लावा. माझ्या हाताने नको."

मित्रांनो, सगळं उघड झाल्यावरही त्या असं म्हणाल्या! मिस्त्री उंबऱ्यावर बसले. "असं नको गं बोलूस. हात माझा वाईट होता, आणि जीभ त्याहून वाईट. तू लावशील तेव्हाच हे लागेल," म्हणाले. रोप दिवसभर तसंच पडून राहिलं. ऊन कलल्यावर बाईंनी ते लावलं, घाबरत घाबरत.

आता ती शेवंती दर थंडीत फुलते. माझ्याखालची फरशी तपकिरी झाली आहे, तिला कुणी काही म्हणत नाही. येणारे फुलांचं कौतुक करतात आणि मिस्त्री घाईघाईने सांगतात, "हिने लावलीय, हिने!" बाई मात्र मान खाली घालून म्हणतात, "नाही हो, रोपच चांगलं होतं."

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. मला हात नाहीत, तरी सांगते. झाड सुकलं तर पाणी ओतण्याआधी कुंडी कलती करून खाली बघा. आणि कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी तर नक्कीच बघा. माझं भोक छिन्नीने मोकळं झालं. बाईंच्या मनात काय बुजून बसलंय, तिथपर्यंत पोचणारी छिन्नी मिस्त्रींना अजून सापडलेली नाही.