छातीवरचा नंबर आणि मी

मी एक जुनी सेफ्टी पिन आहे. मला टाचणी म्हणू नका, तेवढं आधीच सांगून ठेवते. टाचणी उघडं टोक घेऊन जगभर हिंडते. मी माझं टोक टोपीखाली झाकून ठेवते आणि कामापुरतंच बाहेर काढते. आता माझं अंग जरा वाकलं आहे, टोपीपाशी गंजाचा एक तपकिरी ठिपका आहे, आणि तरीही या घरातली सगळ्यात मानाची जागा माझी आहे. ती मला कशी मिळाली, ते ऐका मित्रांनो.

माझा जन्म तारेच्या एका मोठ्या रिळातून झाला. यंत्राने मला कापलं, माझं टोक घासलं, एका बाजूला वेटोळं घातलं आणि डोक्यावर पत्र्याची टोपी बसवली. तुम्हाला एक शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात हे सगळं उरकलं. मग आम्हा बारा बहिणींना एका पुठ्ठ्यावर टोचून दुकानात पाठवलं. तिथून आम्हाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घरी आणलं. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

बाईंच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीला आरसा, दोरीवर अर्धवट शिवलेले कोट आणि शाळेचे गणवेश. मापाच्या वेळी कापड जागच्या जागी धरून ठेवायचं, हे माझं काम. पडदे, अस्तरं, आखूड करायच्या पँटी, मी सगळं धरलं. बाईंची नजर इतकी पक्की की शिवण दोऱ्याएवढी जरी तिरकी गेली तरी उसवून पुन्हा घालणार. ‘नंतर बघू’ हा शब्द त्या खोलीत चालत नसे.

एके दिवशी मी बाईंच्या हातून निसटले आणि मशीनच्या मागे पडले. तिथे धाग्यांच्या गुंत्यात मी दोन वर्षं काढली. मशीन रोज डोक्यावर खडखडायचं, पण माझी कुणाला आठवण नव्हती. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? शेवटी एकदा झाडताना बाईंनी मला शोधून काढलं. खिडकीशी नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “ही गंजली. कापडाला डाग पडेल.” आता कचऱ्यात जाणार म्हणून मी टोपी घट्ट मिटून घेतली. पण बाई पुढे म्हणाल्या, “नंबराला मात्र चालेल.”

नंबर म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. झालं होतं असं, की दिवसभर बसून बाईंचे पाय सुजायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, चाला. बाई पहाटे मैदानावर चालायला लागल्या, आणि तिथे धावणाऱ्यांच्या एका टोळक्याने त्यांना हळूहळू आपल्यात ओढलं. एक तरुण दंतवैद्यीण, एक पोस्टमन, एक निवृत्त मास्तर असे आठ-दहा जण. शहराच्या मॅरेथॉनच्या दिवशी प्रत्येकाच्या छातीवर कागदाचा नंबर लावावा लागतो, चार कोपऱ्यांना चार पिना. बाई पिनांच्या राणी, तेव्हा ते काम आपसूक त्यांच्याकडे आलं. दर वर्षी सगळे रांगेत उभे राहायचे आणि बाई एकेकाचा नंबर असा सरळ लावायच्या, जणू खिसाच शिवताहेत. आणि प्रत्येकाला बजावायच्या, “टी-शर्टवरच लावायचा हं. जाकिटावर लावाल, मग उकडलं की जाकीट काढाल आणि नंबर घालवून बसाल!”

मित्रांनो, तेव्हापासून माझे खरे सोन्याचे दिवस सुरू झाले. कापड धरताना मला कधी ठोके ऐकू आले नव्हते. छातीवर बसल्यावर मला माणसं आतून ऐकू यायला लागली. पोस्टमन धावताना घरांचे क्रमांक मोजायचा. मास्तर चढावर स्वतःच्या गुडघ्यांना दम द्यायचे, “रडायचं नाही, शाळा सुटेपर्यंत उभं राहायचं!” दंतवैद्यीण सुरुवातीला एवढी जोरात सुटायची की अर्ध्या वाटेत तिला धाप लागायची, आणि तरी पाणी देणाऱ्या मुलींना ती हसून दाखवायची. घामाने मी भिजून जायचे, गंज वाढायचा, पण मला त्याचं काही वाटत नसे.

बाईंची शर्यत एकवीस किलोमीटरची होती. तीन तासांत पोचायचं. तीन तास झाले की शेवटच्या फाटकावर दोर ओढतात आणि मग कुणालाही आत घेत नाहीत. एका वर्षी बाई चार मिनिटं उशिरा पोचल्या. दोर आधीच ओढलेला होता. पदक नाही, शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत नावही नाही. घरी येऊन त्या नेहमीसारख्या मशीनवर बसल्या, पण तासभर सुईत दोराच ओवेना. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षी त्या यादीत माझं नाव असणार म्हणजे असणार.” त्यानंतर वर्षभर त्यांनी एक पहाट चुकवली नाही.

बाईंचे यजमान बस चालवतात. पोट सुटलेलं, स्वभाव गोड, धावण्याचं वावडं. आयुष्यभर लोक त्यांच्या बसमागे धावले, ते स्वतः कुणाच्या मागे धावले नव्हते. बाई सरावाला निघाल्या की ते पांघरुणातून म्हणायचे, “अगं, माझ्या वाटणीचंही धावून ये!”

पुढच्या वर्षी शर्यतीची पहाट भलतीच गारठ्याची निघाली. बाईंनी मैदानावर सगळ्यांचे नंबर लावले, सगळ्यांना तेच बजावलं. इतक्यात सुरुवातीच्या रेषेवर बोलावणं आलं. बाईंचा स्वतःचा नंबर राहिलाच होता! घाईघाईत, गारठलेल्या बोटांनी, त्यांनी आम्हा चौघी पिनांना आपल्या नंबरात खुपसलं. आणि कशावर? जाकिटावर! मी आरडाओरडा केला असता, पण पिनेला आवाज कुठून असणार? वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगितलेली चूक बाईंनी स्वतः केली होती, आणि ती फक्त आम्हा चौघींना ठाऊक होती.

चौथ्या किलोमीटरवर ठरल्याप्रमाणे ड्रायव्हरसाहेब उभे होते. बाईंना उकडायला लागलं होतं. धावता धावताच त्यांनी जाकीट काढलं, त्यांच्या अंगावर फेकलं आणि “येते हं!” म्हणून पुढे गेल्या. मी मात्र मागे राहिले. ड्रायव्हरसाहेबांनी जाकिटाची गुंडाळी करून काखेत मारली, चहा घेतला, बाकावर बसले आणि पाऊण तास निवांत पेपर वाचला. मी काखेत घुसमटत होते.

मग बाक गार लागतो म्हणून त्यांनी जाकिटाची घडी करून खाली घ्यायचं ठरवलं. घडी घालताना जाकीट ताणलं गेलं आणि माझी टोपी सुटली. मित्रांनो, मी आयुष्यात कुणाला मुद्दाम टोचलेलं नाही. पण त्या दिवशी ते बसले मात्र, आणि मी काही मागेपुढे पाहिलं नाही.

“आई गं!” ते ताडकन उठले. घडी उलगडून पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

कारण शर्यतीचा नियम त्यांनाही पाठ होता. मार्गाचा नकाशा वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात लावलेला होता. बाराव्या किलोमीटरवर पाण्याच्या टाकीपाशी वळण होतं. तिथे प्रत्येकाच्या नंबरावर लाल शिक्का मारत. नंबरावर शिक्का नसेल तर शेवटच्या फाटकातून आत घेत नसत. आणि बस तर त्या दिवशी बंद होत्या.

पाण्याची टाकी म्हणजे त्यांच्या बसचा शेवटचा थांबा. डेपोच्या मागून, कापडबाजाराच्या पायऱ्या चढून गेलं तर तीन किलोमीटर. ड्रायव्हरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, जाकीट छातीशी धरलं आणि ते धावले. चपलांत! चपला फटफट वाजत होत्या, पोट पुढे धावत होतं आणि ते मागून. त्यांच्या छातीचे ठोके मी पहिल्यांदाच ऐकले. एवढा घाबरलेला आवाज मी कोणत्याही धावपटूच्या छातीत ऐकलेला नव्हता.

कापडबाजारात त्यांचा एक रोजचा प्रवासी दुकान उघडत होता. तो ओरडला, “काय ड्रायव्हरसाहेब, आज तुमची बस सुटली वाटतं!”

“बायकोची सुटेल!” साहेब न थांबता ओरडले. पायऱ्यांवर एका चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणी पळत राहिले.

इकडे टाकीपाशी काय चाललं होतं, ते दंतवैद्यिणीने नंतर घरी येऊन हातवारे करून सांगितलं. ती बाईंच्या बरोबरच होती. शिक्का मारणारे काका टोपी घालून टेबलाशी उभे. बाईंनी छाती पुढे केली आणि काका बघतच राहिले.

“नंबर कुठाय?”

बाईंनी खाली पाहिलं. नुसता टी-शर्ट. त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं बाई! जाकिटावर राहिला!”

“नंबर नाही तर शिक्का कुठे मारू? कपाळावर?”

“मारा की कपाळावर! बारा किलोमीटर धावून आलेय मी!”

“अहो, मला नियम आहेत ना ताई. बाजूला व्हा, मागचे येताहेत.”

बाईंनी दंतवैद्यिणीला पुढे पाठवलं. “तू जा. माझ्यापायी थांबू नकोस.” आणि त्या तिथेच, एका जागी, पाय उचलत राहिल्या. पाय थांबले तर आखडतात, म्हणून त्या जागच्या जागी धावत होत्या. पण डोळे भरून आले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली.

आणि तेवढ्यात गल्लीतून आम्ही आलो!

“थांब! थांब! अगं, नंबर!” साहेबांना बोलताही येत नव्हतं. त्यांनी आम्हाला जाकिटावरून ओरबाडलंच. एक बहीण गटारात पडली ती पडलीच. माझी कंबर त्या झटापटीत वाकली. मग ते जाड बोटांनी बाईंच्या टी-शर्टवर नंबर लावायला लागले. आयुष्यात त्यांनी कधी पिन हातात धरली नव्हती.

“हलू नकोस ना!”

“थांबले तर पाय आखडतील!”

“अगं, टोचेल!”

“टोचू दे! लावा लवकर! आई गं!”

तीन पिनांवर नंबर एकदाचा लागला. एक बाजू वर, एक बाजू खाली, आणि रिकामा कोपरा वाऱ्यावर फडफडतोय. बाईंनी खाली पाहिलं. शिवण दोऱ्याएवढी तिरकी गेली तरी उसवणाऱ्या बाई! मला वाटलं, आता उसवतात. पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. घामाने निथळलेला, हातात चपला, पाय धुळीने माखलेले. आणि वळून छाती काकांपुढे केली. काकांनी धाडकन शिक्का मारला आणि बाई सुटल्या.

ते नऊ किलोमीटर मी जन्मात विसरणार नाही. वाकलेल्या कंबरेने मी तो कागद जिवाच्या आकांताने धरून ठेवला. पुलावर कुणी ढोल-ताशा नाही तर चक्क स्वयंपाकघरातली पातेली वाजवत होतं. फुटपाथवर मुलं हात पुढे करून उभी होती, आणि बाई एकेकाला टाळी देत गेल्या. अठराव्या किलोमीटरवर पाय जड झाले. “चल गं, चल गं,” त्या स्वतःलाच पुटपुटत होत्या, आणि खाली त्यांचं काळीज माझ्याशी बोलत होतं, न चुकता, मशीनच्या टाक्यांसारखं. वाटेत मास्तर भेटले, गुडघ्यांना दम देत चालले होते. बाईंनी त्यांनाही हाक मारली आणि दोघं पुन्हा धावायला लागले.

शेवटचं वळण आलं. फाटकावरच्या माणसाने दोर हातात घेतला होता. घड्याळात तीन तासांना एक मिनिट कमी. बाईंनी तिरका नंबर हाताने छातीशी दाबून धरला, लाल शिक्का दिसेलसा केला आणि मास्तरांना घेऊन आत घुसल्या. मागे दोर ओढला गेला. या खेपेला आम्ही आत होतो! बाई हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

पदक गळ्यात पडल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नवऱ्याला शोधलं. साहेब कुठूनसे लंगडत आले. बाईंनी पदक काढून त्यांच्या गळ्यात घातलं, तर ते लाजून म्हणाले, “छे छे, मी तीनच किलोमीटर धावलो.”

“पण चपलांत!” बाई म्हणाल्या.

या वर्षी साहेबांनी पाच किलोमीटरला नाव दिलं. बाईंनी त्यांचा नंबर स्वतः लावला, टी-शर्टवर, पट्टीने मोजून सरळ. त्याला नव्या चकचकीत पिना लागल्या. मी आता निवृत्त आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी धावाल. शर्यत संपली की नंबर ओढून काढू नका आणि आम्हाला रस्त्यावर टाकून जाऊ नका. मागून कुणी अनवाणी येत असतं. आमची टोपी बसवा, डबीत ठेवा, गंजलेल्या म्हणून हिणवू नका. छोट्या वस्तूंना आठवणीने जागेवर ठेवणाऱ्यांची मोठी कामं अडत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते.

आणि माझी मानाची जागा? मशीनच्या वरच्या भिंतीवर बाईंनी एक जाड कापड ताणून बसवलं आहे. त्यावर लाल शिक्क्याचा तो नंबर आहे, आम्हा तिघींनी धरलेला. माप द्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की त्याची नजर तिकडे जाते, आणि एकतरी म्हणतंच, “बाई, तुमच्या घरात हे कसं? नंबर वाकडा लागलाय की!”

बाई मशीनवरून मान वर करत नाहीत. नुसतं हसतात आणि म्हणतात, “असू दे. तो ह्यांनी लावलाय.”