हातानं केलेलं पॉलिश

शेठच्या दुकानाला सील लागलं, त्याच्या पाच महिने आधी माझी बायको गेली. लोक म्हणतात, सुटली बिचारी, तिला हे बघावं लागलं नाही. मला ते ऐकवत नाही.

मी फर्निचरला पॉलिश करतो. शेठकडे एकोणीस वर्षं केलं. शेवटच्या तीन वर्षांत शेठनं चढ्या व्याजाचं आमिष दाखवून लोकांकडून ठेवी घेतल्या. त्या पैशातून लाकूड आणलं, दुकान वाढवलं, गाडी घेतली आणि एक दिवस हात वर केले. शेठ आत गेला. आम्ही कामगार आपसात म्हणायचो, आपण जन्मभर लाकडाला पॉलिश केलं आणि शेठनं आपल्याला.

जप्तीसाठी आलेल्या अधिकारी बाईंनी मला दुकानात बोलावलं. कायदा त्यांनी सोपा करून सांगितला. ठेवींच्या पैशातून जे जे उभं राहिलं ते सरकार घेणार, विकणार आणि ठेवीदारांना वाटणार. शेठनं एखादी वस्तू कुणाला फुकट दिली असली, तरी ती परत घेणार. त्याच्या आधीचं सामान मात्र शेठच्या बायकोकडे राहणार. अडचण अशी होती की शेठनं बिलं जाळून टाकली होती. नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, मी सांगतो.

पूर्वी आम्ही लाखेचं पॉलिश हातानं चढवायचो. एका कपाटाला आठ आठ दिवस लागायचे. ठेवी यायला लागल्या आणि शेठला दम निघेना. त्यानं वेगळं, तयार पॉलिश फवारायचं यंत्र आणलं. तेव्हापासून दुकानातून हातानं केलेली एकही वस्तू बाहेर पडली नाही. बाईंना मी करून दाखवलं. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावायचं आणि लाकडाच्या कोपऱ्यात फिरवायचा. बोळा तपकिरी झाला तर लाख, म्हणजे जुनं. कोरा राहिला तर फवारा, म्हणजे नवं. बाई खूश झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या दुकानाची यादी झाली, खाली माझी सही झाली.

पहिला बोळा तपकिरी झाला, तेव्हाच मला घरचा पलंग आठवला होता. मी बोललो नाही.

बायकोला आडवं झालं की धाप लागायची. डोक्याकडची बाजू वर उचलता येईल असा पलंग मी शेठकडे मागितला. शेठ म्हणाला, घेऊन जा, पगारातून बघू. त्यानं कधी बघितलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. तेव्हा यंत्र येऊन वर्ष झालं होतं. पण फवाऱ्याच्या वासानं तिचा खोकला वाढेल, म्हणून त्या एका पलंगाला मी लाख लावली. काम सुटल्यावर, रोज थोडी थोडी. तिनं विचारलं, केवढ्याला पडला? मी म्हणालो, पगारातून कापतायत. ती बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेली फळं तिनं बंद केली. मला आता खाववत नाहीत, म्हणायची. मी तेही मानलं.

पुढच्या आठवड्यात बाई घरी आल्या. एक पलंग माझ्याकडे गेल्याचं शेठच्या बायकोनं सांगितलं होतं. शेजारीण दारात उभी होती. ती कपडे शिवते. बायकोच्या आजारपणात तिचे केस हिनंच धुतले. शेठकडे तिची ठेव होती, आणि शेठ भला माणूस आहे हे तिला मीच सांगितलं होतं.

बाईंनी मी शिकवल्याप्रमाणे पलंगाच्या पायाला बोळा लावला. तपकिरी झाला.

"जुना आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडे."

शेजारणीचे डोळे भरून आले. "बरं झालं, भाऊजी. ताईची एवढी तरी वस्तू घरात राहिली."

मी मान हलवली.

दोन दिवस गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. तिसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमची खूण खोटी?"

मी म्हणालो, खूण खरी आहे, फक्त या पलंगापुरती खोटी.

"हे मी कशावरून मानू?"

बाईंनी यादी रद्द केली. दुसऱ्या गावचा पॉलिशवाला बोलावला आणि माझी एकोणीस वर्षांची कामं त्यानं माझ्यासमोर खरवडून तपासली. शेठच्या बायकोला परत दिलेलं टेबलसुद्धा पुन्हा आणवलं. तिची बिचारीची काही चूक नव्हती.

मग पलंग न्यायला हमाल आले. मी आधी शेजारणीकडे गेलो आणि तिला सांगितलं. पलंग तुम्हा लोकांच्या पैशातला होता, मला ठाऊक होतं, तुझ्यासमोर मी गप्प बसलो. ताईसाठी घेतला होता, असंही म्हणालो. दोनदा म्हणालो बहुतेक.

ती हातातलं शिवण ठेवून माझ्या घरी आली आणि पलंगाकडे बघत उभी राहिली.

"ताईला माहीत होतं?"

"नाही. तिला मी पगारातून घेतला म्हणून सांगितलं."

"तरीच फळं सोडली तिनं. मला म्हणाली होती, घरात हप्ता चालू आहे." ती माझ्याकडे वळली. "आमचे पैसे एक वेळ राहू द्या, भाऊजी. पण सारखं तिच्यासाठी, तिच्यासाठी काय म्हणता? तिनं मागितला होता का पलंग?"

मी आठवून पाहिलं. तिनं एकदा म्हटलं होतं, पाठीमागे अजून एक उशी द्या. तेवढंच.

"नाही," मी म्हणालो.

ती गेली. हमालांना पलंगाचा सांधा सापडत नव्हता, बोल्ट आतल्या बाजूनं होते. मी पाना आणला आणि खोलायला बसलो.