करड्या पानांचं अंगण

तापातून उठल्यावर भट्टीवाल्याला कशाचाच वास येईना. तीस वर्षं भट्टीचं दार न उघडता पाव झाला की नाही ते सांगणाऱ्या माणसाने लागोपाठ तीन दिवस पाव करपवले. चौथ्या दिवशी एप्रन खुंटीला अडकवून तो थोरल्या बहिणीकडे राहायला आला.

ताई भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिच्या मागच्या अंगणात दिवसभर ऊन असायचं, म्हणून तिने तिथे कोरड्या मुलखातली झाडं लावली होती. सुवासिक पानांची रोझमेरी, थाइम, लव्हेंडर, आणि मोठ्या कुंडीत एक ऑलिव्ह. सगळी करडी, जणू कुणी वरून राख चाळली असावी. भट्टीवाला दुपारभर खुर्चीत पडून त्यांच्याकडे बघत राही. उन्हाने डोळे मिटू लागले, की ती झाडं एखाद्या उतारावरून सावकाश चाललेल्या मेंढरांसारखी दिसत आणि तोही त्यांच्यामागून चालू लागे.

त्याला त्यांची दया येई. ताई बाजारात गेली, की तो गुपचूप झारीभर पाणी घाली. लव्हेंडर सगळ्यात सुकलेलं वाटे, म्हणून त्याला दोन झाऱ्या.

महिनाभरात लव्हेंडरने मान टाकली. ताईने मातीत बोट खुपसलं, ते चिखलाने माखून वर आलं.

"मी पाणी घालत होतो," तो म्हणाला. "रोज."

ताईने बोट पदराला पुसलं. "अकरा वर्षांचं होतं रे," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला झालं.

दोघांनी मिळून झाड उपटलं. मुळं काळी पडली होती. "शी! केवढा वास मारतोय," ताई म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

"माझी सोय झाली म्हणायची," तो म्हणाला. मग दोघंही हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

एका बाजूच्या चार फांद्या अजून हिरव्या होत्या. ताईने त्यांचे तुकडे वाळूत खोचले. भट्टीवाल्याने शेजारच्या पाडलेल्या भिंतीच्या विटा मागून आणल्या, त्या फोडल्या, खडी आणि माती कालवून वाफ्याचा उंचवटा केला. पीठ मळणारे हात ते, दोन दिवसांत काम उरकलं.

"यांना माया कमी आणि निचरा जास्त लागतो," ताई म्हणाली. झारी तिने आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

मग नुसतं ऊन. आठवडेच्या आठवडे कुणी कशाला हात लावला नाही. एका दुपारी ताईने त्याला रोझमेरी छाटायला बसवलं. कात्री चालत होती, भिंत तापली होती, त्याचा डोळा लागत होता. तेवढ्यात लहानपणीचं औषधांचं लाकडी कपाट त्याच्या डोळ्यांपुढे उघडलं. ते का आठवलं हे त्याला कळेना. मग कळलं, आणि त्याच्या हातातली कात्री गळून पडली.

"ताई!"

ती धावत आली. "बोट कापलंस?"

"वास येतोय गं. थोडासा. कपाटासारखा."

ताई त्याच्याजवळ बसली. तिने थाइम चुरगाळून त्याच्या नाकाशी धरलं.

"हे?"

"नाही."

तिने ऑलिव्हचं पान पुढे केलं.

"नाही. पण त्याला मुळात वास असतो का?"

"नसतो म्हणा," ताई म्हणाली. "पाहिलं आपलं."

थोड्या वेळाने रोझमेरीचा वासही विरून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी फिरकला नाही. भट्टीवाल्याने घाई केली नाही. हातावर रोझमेरीची काडी चोळून तो खुर्चीत पडून राही. आला तर आला. मेंढरं उतारावरून चाललेली असत आणि आता त्यांच्या वाटेवर कुठे कुठे सुगंध सांडलेला असे.