उजव्या हातातली अंगठी

रोमुआल्डरावांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ग्राझिनाबाई, तुमचं लग्न खोटं आहे असं सरकारला वाटतंय."

"मग सरकारला जेवायला बोलवा," ग्राझिना म्हणाली. "सूप संपायच्या आत खात्री पटेल. खोट्या लग्नात इतकं भांडायची कुणाला हौस असते?"

शेजारी बसलेला तिचा नवरा लेशेक हसला नाही. तो टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड चाचपत होता. ग्राझिनाला कॅनडात राहू द्यायचं की पोलंडमधल्या तार्नूवला परत पाठवायचं, याचा निकाल अजून लागायचा होता. पुढच्या गुरुवारी दोघांना मुलाखतीला बोलावलं होतं.

रोमुआल्डरावांची कचेरी मिसिसॉगातल्या बेकरीच्या वर. खालून राय धान्याच्या पावाचा वास येई आणि वर पंचवीस वर्षं पोलिश माणसांचे कागद भरले जात. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ते एकच पाठ देत. इथं कुणी 'कशा आहात' म्हणालं तर ते उत्तरासाठी विचारत नाही, 'मजेत' म्हणून मोकळं व्हायचं. साहेबासाठी चॉकलेटचा डबा न्यायचा नाही. आपल्याकडे तो मान, इथं ती लाच. हसत राहायचं, कारण नसलं तरी. शेवटच्या मुद्द्यावर ग्राझिनाचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं होतं. कारणाशिवाय हसणाऱ्या बाईला तार्नूवमध्ये डॉक्टरकडे नेतात, असं तिचं म्हणणं होतं.

"त्यांच्या शंका दोन," रोमुआल्डराव म्हणाले. "तुम्ही अर्जाला जोडलेल्या फोटोत लेशेकराव तीन जूनला केक कापतायत, खाली लिहिलंय 'लेशेकचा दिवस'. पण जन्म नोव्हेंबरचा. म्हणजे बायकोला नवऱ्याचा वाढदिवस माहीत नाही."

"वाढदिवस कशाला? तीन जून त्याच्या नावाचा दिवस आहे. आमच्या कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो, केक त्याच दिवशी. सगळं कॅलेंडर ओरडून सांगतंय."

"ते कॅलेंडर त्यांच्या भिंतीवर नाही. असो, त्याचं पत्र मी लिहितो. दुसरी शंका अवघड." त्यांनी फोटो टेबलावर पसरले. "एकाही फोटोत तुमच्या दोघांच्या हातात अंगठी नाही."

ग्राझिनानं उजवा हात उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. अनामिकेत सोन्याचं साधं वळं होतं. "ही काय मग? पडद्याची कडी?"

"मला दिसते. त्यांना दिसत नाही, कारण ते बघतात डाव्या हाताकडे. इथं लग्नाची अंगठी डाव्या हातात असते." रोमुआल्डरावांनी आवाज खाली आणला. "म्हणून माझा सल्ला ऐका. गुरुवारी दोघांनीही अंगठी डाव्या हातात घाला. एका सकाळचा प्रश्न आहे. कोण आत्ता अंगठीवर व्याख्यान देत बसेल? बाहेर आलात की परत उजवीकडे."

लेशेक मान डोलावणार एवढ्यात ग्राझिना उभी राहिली. "नाही."

"अहो, एक बोट तर आहे."

"रोमुआल्डराव, तुम्ही इथं पंचवीस वर्षं आहात, पण आई तुमची पोलिशच होती ना? डाव्या हातात अंगठी कोण घालतं?"

रोमुआल्डराव फोटो गोळा करू लागले. उत्तर त्यांना माहीत होतं. आम्हा पोलिश माणसांत अंगठी उजवीकडून डावीकडे जाते ती एकदाच, जोडीदाराला माती दिल्यावर.

ग्राझिनानं ते एकदा केलं होतं. पहिल्या नवऱ्याला, काझिमिएझला, दफनभूमीत ठेवून आली त्या संध्याकाळी तिनं मोरीशी उभं राहून बोटाला साबण लावला आणि अंगठी या हातातून त्या हातात घातली. कुणी सांगावं लागलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं दुकानात, बसमध्ये, चर्चच्या पायरीवर बायकांची नजर तिच्या डाव्या हातावर पडे आणि त्यांचा आवाज मऊ होई. त्या मऊ आवाजाचा तिला वीट आला होता.

लेशेकची पहिली बायको गेल्यावर त्याच्याही डाव्या हातात सहा वर्षं अंगठी होती. तीस वर्षं कॅनडात सुतारकाम करून तो एका नोव्हेंबरात आई-बापाच्या थडग्यावर दिवे लावायला तार्नूवला आला. वारा त्याची एकही मेणबत्ती टिकू देईना. शेजारच्या थडग्यापाशी बसलेल्या ग्राझिनानं आपली काडेपेटी पुढे केली. त्याचा डावा हात तिनं पाहिला, तिचा त्यानं. नावं नंतर कळली. पुढच्या वर्षी दोघांनी आपापली जुनी अंगठी घरी डबीत ठेवली आणि मिसिसॉगाच्या चर्चमध्ये नवी उजव्या हातात घातली. साठीच्या घरात लग्न करते म्हणून तार्नूवच्या बहिणीनं नाक मुरडलं, ते मुरडू दिलं.

गेल्या शरदात लेशेकचं हृदयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलनं त्याची अंगठी काढून तिच्याकडे दिली. सहा तास ती अंगठी उजव्या हाताच्या अंगठ्यात घालून ग्राझिना बाकावर बसून होती, आणि त्यानं डोळे उघडल्यावर पाणी पाजायच्या आधी तिनं ती त्याच्या उजव्या हातात घातली होती. त्या बाईला आता कुणी सांगत होतं की एक बोट तर आहे.

"मी अंगठी हलवणार नाही," तिनं कोटाची बटणं लावत सांगितलं. "तो जिवंत आहे, मी जिवंत आहे. सरकारच्या डोळ्यांना सोयीचं व्हावं म्हणून मी त्याला मारू?"

"आणि अर्ज नामंजूर झाला तर?"

"तर खरं बोलून नामंजूर होईल."

घरी येताना लेशेक गाडीत एवढंच म्हणाला, "तू गेलीस तर मला इथं काय आहे?" ग्राझिनालाही भीती वाटत होती, पण भीती वाटते म्हणून हात बदलायची तिची तयारी नव्हती.

गुरुवारी हिम पडत होतं. दोघं वेळेच्या तासभर आधी पोहोचले. ग्राझिनाला आधी एकटीला आत बोलावलं. टेबलापलीकडे तिशीतली एक तरुणी होती, शेजारी पोलिश दुभाषीण. तरुणीनं हसून हात पुढे केला. "मी ब्रिआना. ग्राझिना, कशा आहात?"

मुलीच्या वयाची पोर सरळ नावानं हाक मारते, हे पहिलं. आणि मग तो प्रश्न. रोमुआल्डरावांचा पाठ ग्राझिनाला तोंडपाठ होता. पण समोरच्या बाईच्या हातात तिचं आयुष्य होतं, आणि अशा माणसाशी पहिल्या वाक्यातच खोटं बोलणं तिला जमेना.

"वाईट," ती म्हणाली. "रात्रभर झोप नाही. गुडघा ठणकतोय. नवरा घाबरलाय आणि घाबरला की तो एकही शब्द बोलत नाही, त्यामुळे घाबरायचं सगळं कामही मलाच करावं लागतं."

दुभाषिणीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि जसंच्या तसं सांगितलं. ब्रिआनाचं पेन क्षणभर थांबलं.

मग प्रश्न सुरू झाले. नवरा कोणत्या कुशीवर झोपतो, चहात साखर किती, ऑपरेशन कधी. ग्राझिनानं सांगितलं. नावाच्या दिवसाचंही सांगितलं. शेवटी ब्रिआनाची नजर तिच्या डाव्या हातावर गेली. "तुम्ही लग्नाची अंगठी घालत नाही?"

"घालते." उजवा हात टेबलावर आला. "आमच्यात नवरा-बायको जिवंत असले की इथं. एक मेलं की मागे राहिलेल्यानं डावीकडे घालायची. मी नऊ वर्षं डावीकडे घातली आहे. आता नाही."

ब्रिआनानं लिहून घेतलं. मग दार उघडून तिनं लेशेकलाही आत घेतलं.

तो आत आला आणि ग्राझिनाच्या शेजारी बसला. दोन्ही हात टेबलावर नीट ठेवले, शाळेतल्या मुलानं नखं दाखवावीत तसे. अंगठी डाव्या हातात होती.

बाहेर बाकावर एकटा बसलेला असताना त्यानं ती बदलली होती. एवढं एक केलं तर बायको आपल्याजवळ राहील, असा साधा हिशोब.

ब्रिआनानं आधी त्याच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या. "ग्राझिना, तुम्ही आत्ताच मला सांगितलं की डावीकडे म्हणजे..."

ग्राझिनानं दुभाषिणीची वाट पाहिली नाही. ती लेशेककडे वळली. "मी मेले का रे?"

"ग्राझिना, हळू बोल."

"नाही, सांग ना. कधी मेले? काल रात्री? मग सकाळी तुझी लापशी कुणी केली, भुतानं? काढ ती."

"मला वाटलं, रोमुआल्डराव म्हणाले..."

"रोमुआल्डरावांशी लग्न कर मग. सहा तास, लेशेक. सहा तास ती अंगठी मी माझ्या बोटात धरून बसले होते, ती तू डावीकडे घालावीस म्हणून? काढ आधी."

लेशेकनं अंगठी ओढली. निघेना. डाव्या बोटाचं पेर कधीकाळी हातोडीखाली सापडून जाड झालं होतं. बाहेर त्यानं ती कशीबशी दाबून बसवली होती, आणि आता बोट लाल होऊन सुजायला लागलं. त्यानं पुन्हा ओढली, तोंड वाकडं केलं. ग्राझिनानं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि सरळ बोटावर थुंकी लावायला लागली. सरकारी कचेरी, समोरची फाईल, तार्नूव, सगळं ती विसरली होती.

"काय म्हणतायत?" ब्रिआनानं विचारलं.

दुभाषिणीनं सगळं सांगितलं. लापशी, भूत, रोमुआल्डरावांशी लग्न, काही गाळलं नाही.

ब्रिआनानं खण उघडला आणि हाताला लावायच्या मलमाची ट्यूब टेबलावरून पुढे सरकवली. ग्राझिनानं ती न बघताच घेतली, बोटाला चोपडली, अंगठी डावी-उजवी फिरवत, पुटपुटत, शिव्या घालत पेरावरून बाहेर काढली. मग तिनं त्याचा उजवा हात ओढला.

तेव्हा ब्रिआना पुढे वाकली. सुताराचा तो हात, उन्हातान्हानं काळवंडलेला, भेगाळलेला, आणि अनामिकेच्या मुळाशी एक पांढरा वळ, खोल रुतलेला. एका सकाळीत असा वळ पडत नाही. अंगठी त्यात गेली आणि बसली. लेशेक खाली मान घालून म्हणाला, "चूक माझी. तिचं काही लिहू नका."

"तिचं मी बरंच लिहिलंय," ब्रिआना म्हणाली. तिनं फाईल मिटली. "पत्र घरी येईल, त्याला थोडे आठवडे लागतील. पण ग्राझिना, सामान बांधायचं कारण नाही."

दुभाषिणीनं ते पोलिशमध्ये सांगितलं आणि कारण नसताना रुमाल काढला. ग्राझिना उठली, ट्यूबचं झाकण घट्ट लावून तिनं ती परत केली आणि म्हणाली, "तुमची आई तुमच्यावर खूश असेल." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.

बाहेर वाटेवर बर्फ गोठला होता. लेशेकनं हात दिला, तिनं लगेच घेतला नाही. चार पावलं गेल्यावर घेतला, उजवा.

"मी तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर इतका राग आला."

"पण ती मुलगी नाही म्हणाली असती तर?"

"तर तुला घेऊन तार्नूवला गेले असते. बहिणीसमोरून काढली असती तुझी वरात." ती थांबली, त्याच्या मफलरचं टोक कोटात खोचलं. "आणि लेशेक, त्या डाव्या हाताची एवढी घाई नको करूस. आपल्यातल्या एकाला तो मिळणारच आहे."