लाल फडक्याखालचा डबा

भिलाईच्या खुर्सीपार वस्तीत देवाजींच्या घरी अख्खी गल्ली लोटली होती. पाटावर इंटरनेटचा डबा, त्यावर लाल फडकं, फडक्यावर लिंबू आणि समोर डोळे मिटून बसलेले, रुसलेली यंत्रं पूजेनं चालू करणारे मशीनवाले भय्याजी. बाजूला खिशात हात घालून त्यांचा चेला मोनू उभा होता. त्यांनी फुंकर मारली आणि नीतूच्या लॅपटॉपवर आठवडाभर रुसलेलं ऑफिसचं पान खरंच उघडलं. बायांनी हात जोडले.

देवाजींची मुलगी नीतू घरून एका विमा कंपनीचं काम करायची. देवाजी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून घर तिच्याच नोकरीवर चालत होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत जायला इंटरनेटमधून एक बंद बोगदा होता. नवा डबा बसवल्यापासून बोगदा जोडला जाई, पण पलीकडचं काहीच उघडत नसे. सोमवारी दुपारपर्यंत सुरू करा, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ, असं साहेबांनी बजावलं होतं. आज सोमवारच होता.

ती डब्याची सेटिंग पाहायला गेली होती, तेव्हा देवाजी आडवे आले होते. "हात नको लावू, बेटा. भय्याजीनं पूजा होईस्तोवर मनाई केली हाय. विश्वकर्मा पूजेले आमी क्रेनले तरी कुठं हात लावत होतो?"

जन्मभर यंत्राला हळदकुंकू वाहिलेला माणूस. त्याच्याशी भांडणं नीतूच्या जिवावर आलं आणि तिने सेटिंगचा नाद सोडला. भय्याजींनी मशीनचं नाव आणि गुप्त मंत्र मागितला, तेव्हा देवाजींनी वायफायचं नाव आणि पासवर्डही भक्तिभावाने सांगून टाकला.

"तरंग शुद्ध झाला," भय्याजी म्हणाले. "पण मी उठलो का मशीन रुसते. दर सोमवारी बोलवा लागते मले." रुसव्याचंही वेळापत्रक ठरलेलं होतं.

नीतूने फडकं उचललं. डब्यावर एकही दिवा नव्हता, प्लग काढलेला होता.

"डबा तं बंद हाय. मग नेट कुठून येऊन राहिलं?" तिने भय्याजींच्या चेल्याकडे पाहिलं. "मोनूभाऊ, खिशातला फोन बंद करा."

गल्लीसमोर त्याला करावाच लागला. नेट गेलं. त्याच नावाने, त्याच पासवर्डने फोन नेट वाटत होता आणि लॅपटॉप त्याला घरचाच डबा समजला होता.

तिने प्लग लावला आणि खरा दोष शोधला. भिलाईत सेक्टर बदलला तरी स्ट्रीट आणि क्वार्टरचे नंबर तेच असतात. सेक्टर न लिहिलेली चिठ्ठी आपल्याच गल्लीत फिरत राहते. नव्या डब्याने घरातल्या यंत्रांना वाटलेले पत्त्याचे नंबर आणि ऑफिसचे नंबर एकच होते. लॅपटॉप ऑफिसला घरातच शोधत होता, बोगद्याकडे वळतच नव्हता. फोनचे नंबर वेगळे, म्हणून तिथून वाट सापडली. तिने डब्याचे नंबर बदलले. लिंबाशिवाय पान उघडलं. तिने आपलं नाव टाकलं.

'आपला प्रवेश बंद करण्यात आला आहे.' पूजेच्या घोळात दुपार टळून गेली होती.

नीतूला रडू फुटलं. तरी ती गल्लीला म्हणाली, "कोणी काही चालू करून दाखवलं, तं त्यानं आधी बंद काय केलं ते पाहा. हात जोडायच्या आधी विचारा."

कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या मैनाबाई भय्याजींच्या मागे दारापर्यंत गेल्या. त्यांचा फ्रिज थंड होत नव्हता.

देवाजींनी घरंगळलेलं लिंबू उचलून पुन्हा डब्यावर ठेवलं.

"पूजा अर्धी मोडली, बेटा," ते हळूच म्हणाले. "म्हणूनच गेली ना नोकरी?"