शिंपल्यांचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर बिस्किटांचं चित्र आहे, त्यावर जाऊ नका. बिस्किटं नाताळच्या एकाच संध्याकाळी फस्त झाली. मी आहे एक जुना पत्र्याचा डबा. फिलिपाइन्सच्या एका लहानशा बेटावरच्या शाळेत शिंपले सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं.

अम्पारोबाईंनी मला घरून आणलं आणि बारीक शिंपल्यांनी भरलं. पहिलीतली मुलं माझ्यावर झडप घालायची. दहा शिंपले झाले की ते नारळाच्या एका करवंटीत जायचे. बेरीज, वजाबाकी, हातचा, सगळं माझ्याच पोटातून बाहेर पडलं. फुटका शिंपला कुणी फेकायला निघालं की बाई म्हणायच्या, "मोजायला तोही एकच." मुलं मोठी झाली की मला विसरायची. त्याचं मला वाईट वाटलं नाही. विसरली म्हणजे शिकली, असा माझा हिशोब होता.

नेनिता मात्र तिसरीत गेली तरी मला सोडेना. शिंपला हातात आल्याशिवाय तिला आकडा कळत नसे, आणि अक्षरं तर तिच्या डोळ्यांसमोरून मासळीसारखी सुळकन निसटायची. मुलं चिडवायची, "नेनिता मोजतेय रे, चला, तोवर जेवून येऊ." तीही हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

त्या वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी घ्यायला वरून साहेब यायचे होते. कच्ची मुलं सापडतील त्या शाळेला दुपारचा जादा वर्ग आणि शिकवायला वेगळ्या बाई मिळणार होत्या. अम्पारोबाईंनी नेनिताच्या आईला तसा शब्द दिला होता. तोवर पोरीला मासे वाळवायला बसवू नका, अशी गळ घातली होती. आईने मानलं, पण चाचणीपर्यंतच.

इकडे मुख्याध्यापकांचं दुखणं वेगळं होतं. मागच्या चाचणीत शाळा तळाला गेली होती आणि भर सभेत त्यांचं हसं झालं होतं. या खेपेला एकही कच्चं मूल दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं. बाईंनी थोडा वाद घातला. मग त्या गप्प झाल्या. माणसं गप्प झाली की मला धडकी भरते.

चाचणीच्या सकाळी बाईंनी मला रिकामं करून नेनिताच्या हाती दिलं.

"इंदाय," आमच्याकडे पोरींना मारतात ती लाडाची हाक मारून त्या म्हणाल्या, "आज तुला मोठं काम आहे. हा डबा काठोकाठ भरून आण. आणि गणवेश काढून जा, खराब होईल."

पोर हरखून गेली. खोटं कशाला बोलू, मीही हरखलो. इतक्या वर्षांनी आमची कुणाला कदर वाटली होती. ओहोटीच्या वाळूत ती वाकून वाकून वेचत होती. फुटका सापडला तरी "हा पण एकच" असं पुटपुटून माझ्यात टाकत होती. बाई वाट बघतील म्हणून परत आली तीही धावतच.

तेच नडलं. साहेब अजून वर्गाच्या खिडकीशी बसून केळीच्या पानातला चिकट भात खात होते.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे नाही.

"ही आमच्या शाळेतली नाही, सर. शिंपले विकत फिरते."

नेनिताने मला अलगद खिडकीत ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि वळली. आता बाई हाक मारतील, असं मला वाटत राहिलं. बाईंनी माझं झाकण लावलं.

शाळा पहिली आली. कच्चं मूल एकही नाही, म्हणून जादा वर्ग शेजारच्या गावाला गेला. नेनिता मासे वाळवते. बाई हल्ली मासळी घ्यायला लांबच्या बाजारात जातात.

आणि मी कपाटावर, शाळेच्या मानपत्राखाली बसलोय. नेनिताचे शिंपले अजून माझ्या पोटात आहेत. ते कुणी मोजलेच नाहीत. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कधी मुलं मोजायला निघालात, तर वर्गातली मोजून थांबू नका. उठून खिडकीबाहेरही बघा. तिथे कुणी उभं असेल, तर तोही एकच.